बापाचं मन कसं पालटलं

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी लाजत सांगत नाही. मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक लिहिलं, तेव्हा पहिली प्रत पिंपळगाव राजाला माहेरी नेली, भाचीसाठी. बारशाला तिचं नाव तिच्या कानात मीच सांगितलेलं.

गोष्ट जुन्या काळातली. पोरींची शाळा नुकतीच निघालेली, आणि तिथं जायचं म्हणून बापाशी भांडणारी एक पोर. शेवटी ती जाते.

भाची दहावी पास झाली होती. तिला खामगावला अकरावी सायन्सला जायचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा दादा, नाही म्हणत होता. तिनं पुस्तक दोनदा वाचलं आणि मला मागच्या अंगणात गाठलं, एका ओळीवर बोट ठेवून.

"आत्या, हे पाय. 'एके दिवशी बाबांचे मन पालटले.' कसं पालटलं?"

"ते... ती सारखी मागं लागली होती ना."

"मी बी मागंच लागून राह्यली. ते पोर नेमकं काय बोलली, सांग ना. मले तेच बोलाचं आहे."

पुस्तकातल्या बापाला मी एका ओळीत उरकलं होतं. माझे बाबा तरी कसे तयार झाले? दादा दहावीत दोनदा नापास होऊन शेतात लागला, मग शिकायला घरात मीच उरले. माझ्या बोलण्यानं काही झालं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना विषय काढला.

"बोला म्याडम," दादा हसला. "तुले अडवलं होतं काय कोनी? तुह्या वाट्याचं शेतातलं निंदण मीच केलं."

"म्हनूनच म्हनतो, तिले बी जाऊ दे," मी म्हणाले.

"स्टँडवर पोरं काय करते, मले माहीत आहे. तू पुस्तकं लिही. पोर माही आहे."

आणि तव्यावरची गरम भाकर त्यानं आधी माझ्या ताटात वाढायला लावली. मानात काही कमी नव्हतं.

अकरावीचे प्रवेश संपल्यावर पुन्हा गेले. भाची घरीच होती. ओसरीत शेजारच्या पोरींना माझी गोष्ट वाचून दाखवत होती. भांडण झालं, पोर रडली, आणि लगेच शाळेत गेली.

"मधात काय झालं वं ताई?" एकीनं विचारलं.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "लिहिलंच नाही त्यात," म्हणाली, आणि पान उलटलं.