तरंगता गाऊन

आमच्या लग्नात आधी नवरी ठरली, मग तारीख, मग थीम. थीम ठरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की नवरी थीमला शोभत नाही. तारीख बदलता येत नव्हती, कारण सांगलीत दुसरं लॉन मिळत नव्हतं. थीम बदलता येत नव्हती, कारण ती सासूबाईंनी निवडली होती. मग उरले मी. मला बदलायचं ठरलं.

मी जनावरांची डॉक्टर. कराडपासून जवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. माझा दिवस गमबूट चढवून सुरू होतो आणि खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा काढून संपतो. मधल्या वेळात माझा हात कुठे असतो, हे चारचौघांत जेवताना सांगण्यासारखं नाही. होणारा नवरा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. स्वभावाने गरीब, आणि आईपुढे तर अगदीच गरीब.

"एकाच संध्याकाळचा प्रश्न आहे गं," तो म्हणाला. "आईची हौस आहे."

हौस अशी होती, की अक्षता पडेपर्यंत मी शालू नेसावा, त्याला त्यांची काही हरकत नव्हती. पण संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र मी फिक्या रंगाचा, झुळझुळीत, परदेशी नवरीसारखा गाऊन घालावा. त्यांनी मला मोबाईलवर फोटो पाठवायला सुरुवात केली. सगळ्या फोटोंत धुकं होतं. धुक्यात एक मुलगी पाठमोरी उभी. कधी गवतात, कधी समुद्राकाठी, आणि एक तर चक्क झाडावर. एकीचंही तोंड सरळ दिसत नव्हतं. फोटोंखाली सासूबाईंचा मेसेज असायचा, "बेटा, असं काहीतरी तरंगतं हवं."

आता तरंगायचं म्हणजे आधी वजन हवं तसं. आमच्या घराण्यात बायका तरंगत नाहीत. जमिनीवर पाय रोवून उभ्या राहतात आणि समोरच्याला सरकायला लावतात.

घरी मी गाऊनचा विषय काढला तेव्हा आई पोळ्या लाटायची थांबली. आमच्याकडे गाऊन म्हणजे जो घालून बायका सकाळी दारात दूध घेतात, तो. वरून टॉवेल टाकला की झाला पोशाख.

"पावन्यांसमोर? स्टेजवर?" आई म्हणाली. "आगं, सांगलीची मानसं शिकलेली हायती म्हनं!"

वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, की ड्रेस एकच असतो, तो वरून येतो आणि त्यावर चर्चा नसते. एवढं बोलून ते या मोहिमेतून बाहेर पडले.

तर सांगलीला मी, आई आणि आत्या अशा तिघी गेलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाजाने दणकट. तिला खरं तर हळदीच्या बाजारात काम होतं. गाऊनचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "चला, कापडं न घालता लगीन कसं लावत्यात ते तरी बघू."

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. आजोबा अचानक गेले तेव्हा आत्या लग्नाची होती. तिचे दोन भाऊ फौजेत आणि आमच्या आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. उसाला पाणी पाजायला, तोडीला टोळी आणायला, कारखान्यावर भांडायला घरात एकटी आत्या. मग सगळ्यांनी मिळून तिचं लग्न पुढच्या हंगामावर ढकललं. पुढच्या हंगामात त्याच्या पुढच्यावर. ऊस मात्र दरवर्षी वेळेवर कारखान्याला गेला. हे सगळं घरात 'आत्यानं घरासाठी केलं' असं सांगतात, फार कौतुकाने सांगतात, आणि सांगून झालं की तिलाच चहा टाकायला लावतात.

सांगलीचं ते दुकान सासूबाईंनीच सुचवलेलं. दुसऱ्या मजल्यावर, आत एसी इतका, की आईने पदर कानावरून घेतला. भिंतीवर प्लॅस्टिकच्या वेली, छताला प्लॅस्टिकचे ढग. मध्ये एक गोल चौथरा, त्यावर नवरीने उभं राहायचं, आणि तिन्ही बाजूंनी आरसे, म्हणजे आपल्यात काय काय जास्त आहे ते कुठूनच सुटू नये. दुकानाच्या बाई चाळिशीच्या, अतिशय गोड. त्या आम्हा तिघींनाही मॅम म्हणत होत्या.

"मॅम, हे आपलं इथेरिअल कलेक्शन," त्यांनी काचेचं दार सरकवलं.

आत्याने आईकडे पाहिलं. "इथं रिअल, मग खालच्या दुकानात डुप्लिकेट हाय व्हय?"

बाई हसल्या. त्यांना धंदा करायचा होता. त्यांनी इथेरिअलचा अर्थ समजावून सांगितला. म्हणजे असं, की जणू तुम्ही या जगातल्या नाहीच.

"तसं वाटाय कापडं कशाला?" आत्या म्हणाली. "मे म्हैन्यात सांगलीत दुपारी बारा वाजता हुबं र्‍हायचं."

पहिला गाऊन घातला तर माझे हात कोपराच्या वर उचलेनात. बाहेर येऊन सांगितलं.

"मॅम, रिसेप्शनला हात वर कशाला करायचेत?" बाईंनी निरागसपणे विचारलं. त्यांच्या नवऱ्या बहुधा दिवसभर हात खाली सोडून धुक्यात उभ्या राहत असाव्यात.

दुसऱ्याला खांद्यावर पिसं होती. मी चौथऱ्यावर चढले आणि लागोपाठ शिंकत सुटले. आई हळूच म्हणाली, "आपली खुडूक कोंबडी दिसतीस गं." माझी जन्मदात्री आई. आत्याला एवढं हसू आलं, की तिला कोचावर बसावं लागलं. नंतर ती तिथून उठलीच नाही. पाय दुखतायत म्हणाली. पण तिथे बसून तिची बडबड सुरूच. याला मच्छरदाणी म्हण, त्याला केळीचा घड झाकायची पिशवी म्हण, एकाला तर तिने थेट द्राक्षबागेवरची जाळी म्हटलं. सांगलीच्या बाईंना ती उपमा लगेच कळली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला.

तिसरा गाऊन फिका गुलाबी होता, राखेत बुडवून काढल्यासारखा. नेटचे थरावर थर, कमरेपाशी बारीक मोती, आणि मागे जमिनीवर लोळणारी शेपूट. तो घालून मी आरशात पाहिलं आणि मग परत एकदा पाहिलं. दिसत होतं बरं. म्हणजे मीच होते, तेच दंड, तोच रापलेला गळा, पण कुणीतरी माझ्याशी जरा हळू आवाजात बोलावं असं वाटत होतं. एवढी अक्कल पाजळून झाल्यावर आपल्यालाही असलं काही आवडतं, हे कळणं फारसं सुखाचं नसतं. मी आत्याकडे पाहिलं. तिने या गाऊनला काहीच नाव ठेवलं नाही. नुसती बघत होती.

बाईंनी लगेच सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी मला गोल फिरवलं, मागे जायला लावलं, पुढे यायला लावलं. आमच्याकडे बाजारात बैल असाच बघतात, फक्त बैलाला कुणी बेटा म्हणत नाही.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण अजून थोडं तरंगायला हवं. खालच्या मजल्यावर ओढण्या असतात ना? एखादी लांब ओढणी बघ."

मी गाऊन उतरवला, ट्रायल रूममध्ये खुंटीला लावला, आणि आई, मी, दुकानाच्या बाई अशा खाली ओढण्या बघायला गेलो. आत्या म्हणाली, "तुमी या जाऊन, मी हाय हितंच."

खाली ओढणीवरून आईचं आणि बाईंचं बरंच चाललं. आईचं म्हणणं, एवढं पारदर्शक घ्यायचं तर घ्यायचंच कशाला. शेवटी काहीच न घेता आम्ही वर आलो, तर कोचावर आत्या नाही. तिची पिशवी होती. ट्रायल रूमच्या दाराबाहेर तिच्या चपला होत्या, एकमेकींना नीट चिकटवून ठेवलेल्या. आतून धसमुसळ ऐकू येत होती.

आईने दारावर टकटक केलं. "वन्सं?"

धसमुसळ थांबली.

"आवं वन्सं, आत कोन हाय?"

"कोन न्हाई," आतून आत्या म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मग दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि माझी ओढणी धरून त्याने मला आत ओढलं.

आत्याने तो गुलाबी गाऊन घातला होता. साडी आणि ब्लाऊज खुंटीवर. गाऊनची चेन पाठीवर अर्ध्यात जाऊन नेटमध्ये आणि तिच्या आतल्या बॉडीच्या हुकात अशी काही अडकली होती, की वरही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती. झटापटीत अंबाडा सुटून पांढरे केस खांद्यावर आले होते. कोपरापर्यंत हात उन्हाने काळेकुळकुळीत, आणि त्याच्यावर दंड गोरेपान, कधीच ऊन न पाहिलेले. मी तिला जन्मापासून ओळखते, पण तिचे दंड गोरे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"बघत काय बसलीयास? काढ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "जनावरं सोडवतीस न्हवं?"

मी तिच्या मागे गुडघ्यावर बसले. अडलेल्या म्हशी मी पुष्कळ सोडवल्यात, पण म्हैस निदान एका बाजूने सहकार्य करते. आत्या आरशात बघायला सारखी वळत होती.

"आत्या, हलू नको ना."

"हालत न्हाई मी." आणि हलली. थोड्या वेळाने म्हणाली, "जरा थांब."

"दुखलं?"

"न्हाई. नुसतं थांब जरा."

मी हात काढून घेतला. तिने नेटचा वरचा थर दोन्ही हातांत धरून थोडा उचलला, सोडला. परत उचलला. आरशात तिच्या मागे मी दिसत होते, म्हणून मी खाली फरशीकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "ह्याला खिसा न्हाई," आणि मला कळलं, आता बघून झालं.

एवढ्यात आईचा धीर सुटला आणि ती दार ढकलून आत आली. आधी तिच्या तोंडातून हसूच फुटलं. हसत हसत ती भिंतीला टेकली. मग थांबली. नणंदेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकदम साध्या आवाजात म्हणाली, "वन्सं, वळा बघू."

आत्या वळली. आमच्या आत्याने आईचं ऐकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"चांगलं दिसतंया वो," आई म्हणाली.

दुकानाच्या बाई दारात येऊन उभ्या. पण त्या बाईंना मानलं पाहिजे. गिऱ्हाईक साठीचं आहे, अर्ध्या चेनमध्ये अडकलंय, मघापासून दुकानाची अब्रू काढतंय, यातलं काहीच त्यांनी मनावर घेतलं नाही. "मॅम, तुमच्या स्किन टोनवर हा कलर खूप उठून दिसतो," त्या म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या असतील. पण आत्याने पाठ सरळ केली.

"कवा घालायचं असतंय ह्ये?" तिने विचारलं.

"वेडिंगला मॅम. नाहीतर एंगेजमेंटला."

"मंग र्‍हाऊ द्या," आत्या म्हणाली. "काढा."

चेनला मेणबत्ती घासून झाली, साबण लावून झाला. शेवटी बाईंनी कात्री आणली आणि चेनीच्या कडेने नेट कापलं. आत्या साडी नेसून बाहेर आली, चपला घातल्या, आणि कोचावर बसून म्हणाली, "असलं तकलादू कापड इकत्यात तरी कसं!" आवाज पहिल्यासारखाच दणकट. फक्त आमच्याकडे बघत नव्हती.

फाटलेला पीस परत ठेवता येत नाही, असं बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं. "ठेवायचा न्हाईच," आई म्हणाली. "ह्योच घेनार हाय आमी." अशा रीतीने माझ्या आयुष्यातल्या सर्वांत रोमँटिक पोशाखाची निवड झाली. सासूबाईंना मी कळवलं, की पाहताक्षणी हाच आवडला.

कराडजवळच्या मलकापूरच्या आमच्या शिंप्याने चेन काढून पाठीवर नाडी ओवली. त्याला वाटलं, हे पोत्यासारखं काहीतरी आहे, म्हणून त्याने ती चांगली मजबूत ओवली. रिसेप्शनला लॉनवर नुकतंच पाणी मारलं होतं. स्टेजवर पोचेपर्यंत माझी शेपूट अर्ध्या लॉनचा चिखल आणि एक पत्रावळ घेऊन आली. सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की मी अगदी तरंगत आले. नवरा कानात म्हणाला, "छान दिसतेयस, पण तू श्वास घेतेयस ना?" आत्या पहिल्या रांगेत नव्या कडक साडीत बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, "मच्छरदानी हाय ती, दुसरं काय!"

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा गाऊन बरोबर आणला. सासरी कपाटात त्याला जागा नव्हती. आत्या म्हणाली, "ठेव माझ्या खोलीत, ट्रंकंत. डांबराच्या गोळ्या टाकते."

परवा आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, की आजकाल दुपारी कधी कधी आत्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं असतं. आई काही विचारत नाही. त्या बाजूने जायचं झालं तर हातातली भांडी जरा वाजवत जाते, एवढंच.

सासूबाईंच्या भाचीचं लग्न ठरलंय. गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, "बेटा, तुझा तो गाऊन कुठे आहे? तिला अगदी शोभेल."

"उंदरांनी कुरतडला," मी म्हटलं.

"अरेरे! बराच का?"

"पार," मी म्हटलं, आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.