बोटाला लागलेली पायरी

लक्ष्मीबाई नगरातली उल्कामावशी डबा हातात देताना रोज एक टोमणाही द्यायची. "एमबीबीएस झालं, एमएस झालं, आता ही फेलोशिप काय नवीन? केस पांढरे होईस्तोवर विद्यार्थीच राहणार का यार तू?"

"मावशी, मोडलेलं हाड जोडता येतं मला. चुरा झालेलं जोडायला शिकतेय," डॉ. स्वरूपा चप्पल चढवता चढवता म्हणायची.

मावशीला पटायचं नाही. दिल्लीच्या रस्त्यांना मात्र ते बिल्कुल पटलं होतं. रोज कुणाचा ना कुणाचा चुरा करून ते ट्रॉमा सेंटरच्या दारात आणून टाकत होते.

त्या दिवशी टेबलावर राजबाला पालथी होती. नोएडात कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवणारी बाई. पायी कामावर जाताना मागून टेम्पोने उडवलं. टेम्पो कुणाचा, ते पोलिसांना सापडलं नाही. कधी सापडतं? मांडीच्या हाडाचा गोळा कमरेत जिथे बसतो, ती वाटीच दुभंगली होती. भूल देण्याआधी तिने स्वरूपाचा हात घट्ट धरला. "डॉक्टरनी, मशीन तो चला पाऊँगी ना?"

वाटी हुबेहूब जुळली नाही तर सांधा झिजून जाणार. जुळवताना शेजारची बोटाएवढी जाड नस ताणली गेली तर पाऊल लुळं पडणार. कसंही चुकलं तरी बाईची रोजी गेली.

स्वरूपाच्या गुरू डॉ. भानुमती समोर उभ्या होत्या, ग्लोव्ह्ज घातलेले हात छातीशी जुळवून. त्यांची रीतच तशी. हत्यार फेलोच्या हातात. पेशंटला धोका दिसला तरच मॅडमचे हात सुटणार.

स्वरूपाने मागून वाटी जुळवली, हाडावर धातूची पट्टी बसवली, स्क्रू आवळले. स्क्रीनवर एक्स-रे उमटला. मदतीला उभा असलेला ज्युनिअर प्रतीक खूश. "परफेक्ट है मॅम! बंद करें?"

स्वरूपाची मान ताठ झाली. शाबासकीसाठी तिने मॅडमकडे पाहिलं.

"आतून बघितलंस?"

"मॅडम, स्क्रीनवर तर एकदम..."

"चालायचं कुणाला आहे, स्क्रीनला? बोट घाल."

स्वरूपाची कानशिलं तापली. तरी हाडाच्या खाचेतून तिने तर्जनी आत सरकवली, वाटीच्या पलीकडच्या भिंतीवर, जिथे नजर पोचतच नाही. गुळगुळीत. गुळगुळीत. आणि बोट अडखळलं. दोन तुकडे जिथे मिळत होते तिथे पायरी होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

"इतना तो चलता है, मॅम," प्रतीक म्हणाला.

"किसका चलता है? तेरी माँ का कूल्हा होता तो चलता?" स्वरूपा कडाडली. राग त्याच्यावर कमी, स्वतःच्या ताठ मानेवर जास्त होता.

तिने सगळे स्क्रू काढले. पट्टी काढली. "घुटना मोड़ के रख. सीधा हुआ तो नस खिंचेगी." प्रतीकने राजबालाचा गुडघा वाकवून धरला. स्वरूपाचं एक बोट आत, दुसरा हात चिमट्यावर. तिने चिमटा हळूहळू आवळत नेला.

बोटाखाली हाड हललं. पायरी बुटकी झाली, आणखी बुटकी झाली, आणि नाहीशीच झाली. जिथे जन्मभर उजेडाचा किरण जात नाही, तिथलीही भिंत इतकी नितळ घडवलेली! कुणासाठी? कुणी पाहावं म्हणून तर नाही. एवढ्या वर्षांत हजारो एक्स-रे फिल्म पाहिल्या, पण माणूस आतून काय आहे हे तिला आज कळत होतं, डोळ्यांनी नाही, बोटाच्या टोकाने. बोट बाहेर काढावंसंच वाटेना.

पट्टी पुन्हा बसली. मग मॅडमचे हात सुटले. त्यांनी आपलं बोट आत घातलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. देवघरात उभं राहावं तशा.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"मॅडमने 'अच्छा' बोला!" प्रतीक कुजबुजला. "मैंने तो आज तक नहीं सुना."

पण नसेचं काय? ते कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. संध्याकाळी भूल पुरती उतरल्यावर स्वरूपाने वॉर्डात राजबालाच्या पायांवरची चादर बाजूला केली. "राजबाला, अंगूठा ऊपर उठाओ."

काहीच हललं नाही.

"कौन से पैर का?" राजबालाने विचारलं.

"अरे, इसी का! टूटे वाले का!"

अंगठा वर आला. स्वरूपाने तो हाताने खाली दाबला. जाईना. आणखी जोर लावला. तरी जाईना. भान हरपून ती दाबतच राहिली.

"बस करो डॉक्टरनी," राजबाला कळवळून ओरडली, "अब इसको भी तोड़ोगी क्या?"