सूतभरबाईंची दुपार

चोरून खाल्ल्याचा आळ एकदा आला की तो धुऊन निघत नाही. कारण न खाल्ल्याचा पुरावा कोणी आणि कसा द्यायचा? आमच्या छापखान्यातील सूतभरबाईंवर हा आळ दोन वर्षे होता. आळ घेणाऱ्यांत त्यांची नणंद होती, डॉक्टर होते, आणि टेबलाच्या खणातली बिस्किटे मोजून ठेवणारा मीही होतो.

बाई बांधणी विभागात कागद कापण्याच्या यंत्रावर असत. शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा लावायचा, वरून दाब येऊन तो आवळतो, मग पाते उतरते. नव्या यंत्रांना दोन्ही हात गुंतवून ठेवणारी दोन बटणे असतात. आमच्या यंत्राला एक दांडा आहे, बाकी सगळा भरवसा चालवणाऱ्याच्या हातांवर. गठ्ठा लावताना बाई एक डोळा बारीक करून “सूतभर इकडे, सूतभर तिकडे” असे पुटपुटत, म्हणून ते नाव पडले. मी तेथे मुद्रितशोधक आहे. छापखान्यातील झाडून सर्वांच्या चुका मला पाठ आहेत. बाईंची एकही सापडली नव्हती आणि, खोटे कशाला बोलू, याचे मला थोडे वाईटच वाटे.

मधुमेह त्यांना ऐन विशीत जडला. गोळ्यांवर भागणारा नव्हे, तर शरीर स्वतःचे इन्सुलिन बनवीतच नाही असा. जेवणात पाव किती, भात किती, बटाटा किती हे पाहायचे आणि त्या मापाने आधी सुई घ्यायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा परिपाठ. नवऱ्यामागे घरात त्या आणि धाकटी नणंद. “पिष्ट पदार्थ कमी करा” असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून नणंदेने डब्याचा कायापालट केला होता. पावाचा एक तुकडा, आणि भोवती तळलेले मांस, तीन अंडी, चीज. आठवड्यातून चार दिवस तरी असा डबा असे आणि तो मायेने भरलेला असे, यात शंका नाही. दुपारी एकला रक्तातल्या साखरेचा आकडा एकशेवीस, तीनला एकशेपस्तीस. आणि सहाला घरी पोचेपर्यंत दोनशेऐंशी.

“वहिनी, खरं सांग. वाटेत काय खाल्लंस?”

“तुझी शपथ, काही नाही.”

“माझ्या शपथा घेऊन मला मारू नकोस. साखर काय आभाळातून पडली?”

“तुझ्या डब्यातनंच आली असेल.”

“डब्यात? अगं, अंडं कधी कुणाला गोड लागलंय का?”

या तर्कापुढे भलेभले निरुत्तर होतात. डॉक्टर तर शिकलेले गृहस्थ. रोग्यामागे चार मिनिटे, त्यांतली दोन वहीचे पान सापडण्यात जातात. त्यांनी संध्याकाळचा आकडा पाहिला. जेवणानंतर किती तासांनी तो चढला, हे विचारले नाही. “जिभेवर ताबा ठेवा,” असे म्हणून त्यांनी जेवणाआधीची मात्रा वाढवून दिली.

त्यानंतरच्या मंगळवारी बाईंनी वाढीव सुई घेतली आणि तोच डबा खाल्ला. इन्सुलिन धावले, अंडी-मांस मागे रेंगाळत राहिले आणि साखर एकदम उतरली. पावणेतीनला बाईंच्या कपाळावर घाम आला, बोटे थरथरू लागली, हाताखालचा गठ्ठा सरकला आणि पाते उतरले. बोटे वाचली. भूमितीच्या वीस पुस्तकांचे पृष्ठांक तेवढे कापले गेले. कोणीतरी त्यांच्या तोंडात साखर कोंबली, आणि मालकांनी यंत्राची वीज स्वतःच्या हाताने बंद केली.

“पुस्तकं पुन्हा छापता येतील बाई, बोटं नाही येत. उद्यापासून तुम्ही फर्मे जुळवायला बसा.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे दुपार सरळ जाते असं दाखवा. मग बघू.”

“मग बघू” याहून सभ्य नकार आपल्या भाषेत नाही. मालक दुष्ट नव्हते, घाबरले होते. परंतु घाबरलेल्या माणसाच्या हातून होणारा अन्यायही अन्यायच असतो. यंत्रावर दुसरा माणूस आला. त्याने पाते उतरवले की बाई फर्म्यांच्या टेबलावरून मान न वळवता म्हणत, “गेलं तिरकं.” आणि ते तिरकेच गेलेले असे. एकवीस वर्षे एका कामात घालवलेल्या बाईला फर्मे, म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या, एकावर एक ठेवायला बसवायचे, हे पाहणे फारसे सुखाचे नव्हते.

दवाखान्यात विचारून, जुन्याच मात्रेवर परत येऊन बाईंनी वही नीट धरली. आमच्या प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवर वेळ लिहितात. त्या सवयीने त्यांनी काय खाल्ले, किती वाजता, आकडा कोणता, सगळे लिहिले. नवव्या दिवशी वही माझ्यासमोर उघडून त्यांनी बोट ठेवले.

“हे बघा. पाव-भाजीच्या दिवशी सहाला सगळं ठीक. अंडी-मांसाच्या दिवशी तीनपर्यंत ठीक आणि मग चढ. आपला पुठ्ठा असाच ना? गोंद लावून उचलतो तेव्हा सरळ असतो, आणि चार तासांनी बघावं तर वाकून ताटली.”

“मग?”

“मग काय? वाकू नये म्हणून वर वजन ठेवतो, पण सगळं एकदम ठेवलं तर ओली पानं सरकतात. आधी हलकं ठेवायचं, बसलं की उरलेलं. मंगळवारी मी सुईचं सगळं वजन एकदम ठेवलं.”

“बाई, हा पुठ्ठा नाही, शरीर आहे,” मी बजावले.

“म्हणून तर मनाने काही करत नाहीये. विचारायला चाललेय.”

बाई दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने वही वाचली आणि सहज सांगितले, “अगं, असंच होतं. प्रथिनांची थोडी साखर होते, पण सावकाश. आणि तळणीतली चरबी पोट रिकामं व्हायला वेळ लावते. दोन्ही भरपूर असलं की साखर चार-पाच तासांनी वर येते. आम्हाला माहितीये हे.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

ज्ञान कपाटात बंद आणि किल्ली रोग्याने मागायची, अशी ही व्यवस्था आहे. असो. सिस्टरने निदान वही उचलून डॉक्टरांपुढे ठेवली, वेळांच्या रकान्यावर बोट टेकवून. डॉक्टरांनी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, “वेळ लिहिलीत ते बरं केलंत.” जिभेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, क्षमाही मागितली नाही. अशा डब्याच्या दिवशी जेवणाआधी नेहमीची मात्रा आणि दीड तासाने आणखी अगदी थोडी, इतके त्यांनी ठरवून दिले. आकडे दाखवल्याशिवाय ती वाढवायची नाही आणि हे गणित दुसऱ्या कोणी उचलायचे नाही, हेही बजावले.

घरी हे ऐकून नणंद रडू लागली. “म्हणजे दोन वर्षं मीच तुला…”

“अगं, रडतेस काय? डबा तोच राहू दे. सुया दोन होतील, एवढंच.”

“आणि मी शपथा घ्यायला लावल्या!”

“त्या मात्र तू परत घे. फार साठल्यात.”

माझ्या खणातली बिस्किटे उंदीर नेत होता, हेही त्याच आठवड्यात उघडकीस आले. मी बाईंना ते सांगितले. “उंदराचा आकडा किती?” एवढेच त्यांनी विचारले.

तीन आठवडे नव्याने मोजले गेले. बाविसाव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास मालक फर्म्यांच्या टेबलाशी आले. वही चाळता चाळता एका पानावर थांबले.

“हा दोनशेदहा कसला?”

“त्या दिवशी दुसरी सुई विसरले.”

“लिहिलं नसतंत तर मला कळलं असतं का?”

“तुम्हाला नसतं. मशीनला कळलं असतं.”

मालकांनी वही मिटली. यंत्रावरच्या माणसाला त्यांनी खुणेने बाजूला व्हायला सांगितले. “या बाई. बसा तुमच्या जागेवर.”

सगळा विभाग काम थांबवून पाहत होता. बाई उठल्या नाहीत.

“आत्ता नाही. दुसरी सुई आत्ताच घेतलीय. पाऊण तासाने आकडा बघते, मग बसते.”

“अहो, वहीत दिवस सरळ दिसताहेत की!”

“ते झाले. आजचा अजून व्हायचाय.”

मालकांना राग यावा की हसू, हे त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षण ठरेना. शेवटी त्यांनी एक स्टूल ओढले आणि थांबलेल्या यंत्राशेजारी बसून राहिले. पाऊण तास एकही कागद कापला गेला नाही. बाई फर्मे जुळवीत होत्या. सव्वातीनला त्यांनी बोट टोचले, आकडा वाचला, वहीत वेळेसकट लिहिला. एकशेअठ्ठावीस. मग हात स्वच्छ पुसून त्या उठल्या.