आईचा पदर आणि सत्तरीचं कार्ड

मंडळी, आज काष्टीत मारुतीच्या देवळात सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांचं सरकारी कार्ड काढून देत होते. पूर्वी असल्या योजनांत रेशनकार्डाचा रंग आडवा यायचा, आता नुसतं वय बघतात. आईला आणि आप्पांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, घेऊन गेलो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच कार्डावर करायचंय.

आप्पांचं लगेच झालं. आईच्या वेळी मात्र कार्ड काढणाऱ्या आशाताईंच्या मोबाईलला तिचा चेहराच नीट दिसेना.

"मावशी, पदर जरा मागं घ्या."

"न्हाई. थोरले दीर बसलेत समोर."

लग्न झाल्यापासून आईनं आप्पांसमोर पदर ढळू दिला नाही, की त्यांच्याशी थेट बोलली नाही. चहा झाला हेसुद्धा आम्हा पोरांकरवी कळवायची. मी समजावलं, आशाताईंनी विनवलं. आई सरळ घरी निघाली.

तेवढ्यात आप्पा काठी टेकत उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचं बघून रांगेतले सगळे म्हातारे वळले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

आईनं परत येऊन पदर मागं घेतला, सांगितल्यावर पापण्या मिटून उघडल्या. चेहरा आधारच्या फोटोशी जुळला, पदर पुन्हा कपाळावर आला. म्हातारे अजून भिंतीकडंच बघत होते.

आई हसू दाबत म्हणाली, "भावजी, फिरा आता. झालं माझं."

घरी आल्यावर चहा झाल्याचंही तिनंच त्यांना सांगितलं.

तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांची कार्डं राहिलीत का? नेताना सगळ्यांना बरोबरच न्या.