बिनलेबलाच्या रेकॉर्डी

लोक त्याला खर्ज्या म्हणत, कारण त्याच्या स्पीकरमधून खालचा सूर निघाला की हॉलच्या खिडक्यांची तावदानं थरथरत. खरं नाव बँकेला आणि थोरल्या बहिणीला ठाऊक. तीही ते रागावली तरच वापरायची. आठवडाभर तो वॉशिंग मशीन दुरुस्त करी आणि शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये रेकॉर्डी वाजवी. हिपहॉप आणि जमैकाचा रेगे, बस्स. कुणी सिनेमातलं गाणं मागितलं की याला ऐकू येईनासं होई.

रेगे त्याला कामावरच सापडला. सतराव्या वर्षी तो कपडे धुण्याच्या दुकानात लागला. मालकीण दिवसभर कॅसेट लावून बसे. एका जुन्या मशीनचं पिंप फिरताना दर फेरीला धप्पकन आपटे, आणि गाण्यातली गिटार नेमकी दोन धपक्यांच्या मधल्या फटीत वाजे. जिथे बाकीची गाणी ठोका देतात तिथे हे गाणं जागा मोकळी सोडतं, एवढं त्याला त्या दुकानात कळलं. पुढचं सगळं त्याने त्याच समजेवर उभं केलं. ते मशीन दुरुस्त करायला मात्र त्याने मुद्दाम दोन महिने लावले.

हिपहॉपसाठी एकच रेकॉर्ड दोनदा घ्यावी लागे. एकीवरचा तालाचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच पुन्हा सुरू करायचा, म्हणजे नाचात खंड पडत नाही. वडील सुतार होते. ते म्हणाले, "एकच वस्तू दोनदा घेतोस? दुकानदाराने तुला बरोबर हेरलंय." तरी घरातलं कपाट मोडून स्पीकरची पहिली दोन खोकी त्यांनीच करून दिली. आईचे कपडे त्यानंतर वर्षभर दोरीवर लोंबकळत होते. त्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्याच भागात आणखी एक वाजवणारा होता. जाड भिंगांचा, म्हणून लोक त्याला चष्मा म्हणत. त्याची खोड अशी की खर्ज्याच्या टेबलाला टेकून उभा राहायचा, गरगर फिरणाऱ्या रेकॉर्डवरचं लेबल वाचायचा आणि पुढच्या शनिवारी तेच गाणं पलीकडच्या हॉलमध्ये वाजवायचा. या धंद्यात लेबलावरचं नाव खरवडून टाकायची रीत जुनीच आहे. बहुतेक जण चार-दोन खास रेकॉर्डींचं तेवढं करतात. खर्ज्याला अर्धवट काम जमत नाही. त्याने एका रविवारी सगळ्याच्या सगळ्या रेकॉर्डींची लेबलं कोमट पाण्यात भिजवून सोलली.

"मला आंघोळ करायची आहे!" ताई दारावर थापा मारत ओरडली. "आणि माझं नेलपॉलिश कुठे आहे?"

नेलपॉलिश त्याच्याकडेच होतं. लाल ठिपका म्हणजे जलद, दोन ठिपके म्हणजे संथ, पांढरा म्हणजे हिपहॉप. नावं काय, डोक्यात राहतील, तो म्हणाला. एकोणिसाव्या वर्षी माणूस असंच काहीतरी म्हणतो. पण हा पुढेही तेच करत राहिला. नवी रेकॉर्ड घरात आली की आधी पाण्यात. असं तीस वर्षं चाललं.

मग हॉल पाडला. तिथे गाड्या उभ्या करायला जागा झाली. खोक्यांवर चादर पडली आणि चार वर्षं खर्ज्याने एकही रेकॉर्ड कुणाला ऐकवली नाही. अशात गावच्या छोट्या रेडिओ केंद्राने त्याला रविवारी दुपारचा एक तास देऊ केला. घरी येताना तो जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढला. त्या वजनाच्या माणसाने हे करू नये.

केंद्राच्या बाई कडक होत्या. "यादी बुधवारपर्यंत. चौदा गाणी. गाण्याचं नाव, गायक, कंपनी. ज्याचं नाव नाही ते वाजणार नाही. ज्याने गायलं त्याला श्रेय नको का?"

खर्ज्याला हे पटलं, हीच पंचाईत. तो रेकॉर्डींसमोर कागद घेऊन बसला. त्याच्या डोक्यात नावं होती, पण कसली? 'कुत्रा भुंकतो ते'. 'दार आपटतं ते'. 'ताईच्या नवऱ्याला आवडत नाही ते'. खरी नावं पाच निघाली. भाचीने फोन पुढे धरला. हल्लीचे फोन गाणं ओळखतात म्हणे.

"मामा, हा वाऱ्याचा आवाज आहे म्हणतोय. झोप लागण्यासाठी."

"झोप? याच्यावर माणसं घामाघूम झाली आहेत!"

"माझ्यावर का ओरडतोस? मी सोलली का लेबलं?"

थोड्या प्रती निघालेल्या त्या रेकॉर्डी, फोनला कुठून ठाऊक असणार? त्यांची नावं सांगू शकेल असा एकच माणूस होता. सोमवारी खर्ज्या झक मारत चष्म्याच्या टपरीवर गेला. चष्मा आता किल्ल्या बनवतो. तीस वर्षांत दोघांत मान हलवण्यापलीकडे व्यवहार नव्हता.

"किल्ली हरवली?"

"नाही. नावं हरवली."

चष्मा मशीन बंद करून इतका हसला की गिऱ्हाईक बाजूला सरकलं. "म्हणजे चोराला ठेवलं बाहेर आणि स्वतःही बाहेर राहिलास!"

"येतोस की नाही ते सांग."

"येतो. पण रविवारी नावं मी सांगणार. माइकवर."

"तो तास माझा आहे."

"मग कुत्रा भुंकतो तेच सांग लोकांना."

म्हणजे ही घरगुती नावं त्यालाही ठाऊक होती! खर्ज्या परत फिरला, कोपऱ्यापर्यंत गेला, कोपऱ्यावर बराच वेळ उभा राहिला आणि मागे आला.

मंगळवारी चष्मा खर्ज्याच्या घरी खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि सुई टेकल्यावर चार-पाच ठोक्यांत नाव सांगू लागला. गायक, कंपनी, मागच्या बाजूला काय आहे तेही.

"तुला कसं कळतं? लेबलं तर नव्हती."

"नव्हती म्हणूनच. आधी डोळ्यांनी चोरत होतो, मग कानांनी चोरावं लागलं. हे आहे ना, याच्यासाठी सहा दुकानांत दुकानदारापुढे गुणगुणलोय. एकाने मला पाणी दिलं. त्याला वाटलं, चक्कर आली."

खर्ज्याने मग आपली सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. गावात दुसरी प्रत नाही, असं तो तीस वर्षं सांगत आला होता. चष्म्याने नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "माझ्याकडे आहे. तुझ्या आधीपासून."

"मग कधी वाजवली नाहीस ती?"

"वाजवली की. एकदाच. माझ्या खोक्यांतून डास गुणगुणल्यासारखी आली. ती तुझ्याकडेच ऐकायला यायचो."

खर्ज्याने यादीत नाव लिहिलं. स्पेलिंग दोनदा विचारलं. चहा टाकला तो त्याने स्वतः, एरवी तो पाहुण्यालाच टाकायला सांगतो.

तेरा झाली. चौदावं चष्म्यालाही येईना. "दे ठोकून एखादं नाव," तो म्हणाला. "बाईंना काय कळतंय?"

"नाही. नाव लपवणं वेगळं, खोटं नाव देणं वेगळं." त्याने ती रेकॉर्ड कपाटात ठेवली, तिच्या जागी दुसरी घालायला मन होईना, आणि यादी तेराचीच दिली. बाईंनी चौदाव्या रकान्यावर काट मारली आणि बाकीची घेतली.

रविवारी काचेच्या खोलीत दोघं मांडीला मांडी लावून बसले. माइक एकच. चष्म्याने पहिल्या गाण्याचं नाव सांगितलं, मग गायकाचं, मग त्या सहा दुकानांची गोष्ट सुरू केली. काचेपलीकडे बाई घड्याळ दाखवत होत्या. चष्मा श्वास घ्यायला थांबेपर्यंत खर्ज्याने वाट पाहिली आणि त्याच फटीत सुई टेकवली.

तास संपल्यावर ताईचा फोन आला. "गाणी तीच तुझी, धपधप. पण तो दुसरा आहे ना, तो छान बोलतो रे. त्याला पुढच्या रविवारी पण आण."

"आणतो," खर्ज्या म्हणाला. "यादी त्याच्याशिवाय होत नाही."