सोसत नाही

गाव सोडलं त्या सकाळी आईने माझ्या पिशवीत दाण्याच्या कुटाचा डबा ठेवला. वणीच्या पुढे, डोंगराकडच्या आमच्या गावातून मी नाशिकला कारखान्यात नोकरीसाठी निघालो होतो. एसटी सुरू झाली तरी ती खिडकीशी सांगत होती, "कशातबी घाल. पाण्यासारख्या भाजीलाबी चव येती." नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पुढे लग्न झालं, गंगापूर रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. तो डबा दर खेपेला रिकामा गावी जायचा आणि भरून परत यायचा.

माझी मुलगी सई दोन वर्षांची होत आली होती, तेव्हा त्याच डब्यातलं कूट घातलेली कोशिंबीर मी तिला भरवली. तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासात शिट्टी वाजू लागली. माझी बायको सुनीता तिला कवटाळून स्कूटरवर मागे बसली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एक कणही नको. पुढची वेळ याहून वाईट असू शकते."

तेव्हापासून मी शेजारच्या वाटीला भिऊ लागलो, वाढदिवसाच्या चिवड्याला भिऊ लागलो. हातगाडीवर दाणे भाजल्याचा वास आला की सईला उचलून पलीकडे जायचो. पण सगळ्यांत जास्त भीती वाटली ती आईला सांगायची. तिच्याच डब्याने नात गुदमरली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? गाव सोडून आलेले आपण सगळेच फोनवर अर्धंच बोलतो. मीही तेवढंच बोललो, "आई, सईला दाणे सोसत नाहीत."

"आसू दे," ती म्हणाली. "लहान हाय. मोठी झाली की सोसतील."

मी विषय बदलला.

नवरात्रात गावी गेलो. आईचे नऊ दिवस उपवास. चुलीवर भगर आणि दाण्याची आमटी. सुनीता सईसाठी भात टाकत होती, तेवढ्यात आईने नातीला मांडीवर घेऊन भगर भरवली. आमटी आठवणीने घातली नव्हती. पण पळी आमटीतलीच होती.

शेजाऱ्याच्या जीपमधून वणीच्या दवाखान्याकडे निघालो. रस्ता देवीच्या गडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी भरलेला. "सरका ओ, पोर आजारी हाय!" शेजारी ओरडत होता. सईच्या छातीतली शिट्टी बारीक होत चालली होती, आणि त्या बारीक होण्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. तेव्हा कुठे मी बोललो, "आई, दाण्याने तिचा जीव जाऊ शकतो."

एवढ्यात गर्दीतल्या एका बाईने खिडकीतून हात आत घातला. "देवीचा परसाद हाय, घाला पोरीच्या तोंडात." तळहातावर खडीसाखर आणि शेंगदाणे. प्रसादाचा कण सांडला तरी वेचून कपाळाला लावणारी माझी आई. तिने तो हात फटकन उडवला. बाई शिव्या देत मागे राहिली.

सई वाचली. दवाखान्याच्या बाकावर आई म्हणाली, "सोसत नाय म्हणालास. मला दूधबी सोसत नाय, तरी रोज पिती मी. मरंल म्हणून का नाय सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मंग वाटू द्यायचं व्हतं."

दसऱ्यानंतर ती गड चढून आली आणि गावाला सांगितलं, देवीपाशी दाणे सोडले, घरातबी आणायचे नाय. अ‍ॅलर्जी म्हटलं असतं तर लोक हसले असते. सोडले म्हटल्यावर कुणी चिमूटभर चिवडाही उंबऱ्याच्या आत आणला नाही.

सई आता दहावीला आहे. लग्नाच्या पंगतीत अजूनही तिच्या पानातलं आधी मी चाखतो. गावच्या घरी मात्र 'यात काय घातलंय' हे विचारावं लागत नाही. तिथल्या भाजीला पूर्वीची चव राहिलेली नाही, आणि त्याला माझं घर म्हणायला ती चव नसणंच मला आता पुरतं. तरी सईचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत माझा हात ताटाकडे जात नाही. आई समोर बसून बघत असते.

"गिळला तिनं," ती म्हणते. "जेव आता."