मार्थाचं पाचवं गाणं

मार्था गेली तेव्हा मी पुण्याच्या दवाखान्यात खाली थर्मासात गरम पाणी भरून घेत होतो. वर आलो तर नर्स दारातच उभी. म्हणाली, "आबा, थर्मास खाली ठेवा." मी म्हटलं, "का? गळतोय का?" तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. मग मीच विचारलं, "गेली का?" तिनं मान हलवली. झालं, एवढंच. लोक सांगतात शेवटचं पाणी पाजलं, हात हातात घेतला... आमच्यात तसलं काही झालं नाही. ती गेली आणि मी जिन्यात होतो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, म्हणून सगळी नोकरी काढली. पेपरात लिहायचं माझं काम नाही. पण ती गेल्यावर एका पेपरात चार ओळी आल्या, त्यात छापलं होतं, 'दौंडच्या मार्थाबाईंनी संसार सांभाळून बंड केले.' बंड नाही हो, बँड! देणाऱ्यानं नीट लिहून दिलं असेल, छापणाऱ्यानं वरची चंद्रकोर खाल्ली. दुसऱ्या दिवशी कवठे येमाईहून माझ्या चुलतभावाचा, रामदासचा फोन. "दादा, वहिनीनं बंड कुणाच्या इरुद्ध केलं व्हतं? तुझ्याच का?" मी फोन ठेवून दिला. म्हणून आज लिहितोय. चूक दुरुस्त करायला.

मार्था दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. तिचा बाप वाफेच्या इंजिनावर फायरमन होता. शिकली केडगावला मिशनच्या शाळेत, आणि चर्चमध्ये पेटीवर बसून गायची. मी कवठे येमाईचा, घरी शेती. ख्रिश्चन पोरीशी लग्न करतोय म्हटल्यावर आमच्या घरचं एक माणूस लग्नाला आलं नाही. पुढं मूलही झालं नाही. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, कारण त्याला जास्त काही नाहीच. दोघं होतो, दोघंच राहिलो.

बँड झाला तिची चाळिशी उलटल्यावर. तिच्या बहिणीचा मुलगा विल्सन रांजणगावला कंपनीत मशीनवर होता. गुरुवारी सुट्टी. सुट्टीला गिटार घेऊन आमच्या क्वार्टरवर यायचा, जेवायचा, वाजवायचा. बरोबर शिरूरचा यासीन, त्यांच्या घरचं गॅरेज, हा ड्रम बडवायचा. कीबोर्डला शिरूरचाच एक जण. पोरांना गायला माणूस मिळेना, म्हणून विल्सन स्वतःच ओरडायचा. एका गुरुवारी मार्था पोळ्या लाटायच्या सोडून पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, "सुरात हायस रे तू, पण रडतोस. गाणं रडायचं नसतं, सांगायचं असतं." यासीन म्हणाला, "मग मावशी, तुम्हीच सांगा की." तिनं हात पदराला पुसले आणि सांगितलं... पोळी तव्यावर जळाली, मीच जाऊन उतरवली. त्या दिवसापासून बँड तिचा झाला. नाव ठेवलं 'आऊटर'. स्टेशनात जागा नसली की गाडी बाहेरच्या सिग्नलला थांबवतात, तो आऊटर. ती म्हणायची, आपण सगळे तिथलेच.

ते काय वाजवतात हे मला कधी पुरतं कळलं नाही, खोटं कशाला बोलू. विल्सन म्हणाला, "काका, ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात." "म्हंजी काय?" "म्हंजी पुढं जाणारं." "मग मधी मधी थांबतंय का?" तो गिटारच्या तारा पिळायला लागला. एकेक गाणं कॅसेटच्या एका बाजूएवढं लांब. मधेच सगळं गप्प व्हायचं, लोकांना वाटायचं संपलं, टाळ्या पडायच्या, आणि ही पुन्हा वेगळ्याच चालीत सुरू. त्यात ठोके मोजायचे सात. आठ नाही, सात. मी म्हणायचो, लंगडतंय तुमचं. ती म्हणायची, लंगडणारा माणूस चालत नाही का?

त्या सातानं एकदा गंमत केली. रामदासच्या पोराचं लग्न निघालं. ह्यानं कुठून तरी ऐकलं की वहिनीचा बँड आहे, आणि वरातीला आम्हालाच सांगितलं. रामदासच्या डोक्यात बँड म्हणजे लाल कोट, पितळी बाजा. विल्सन म्हणाला, मावशी, हे आपलं काम नाही. ती म्हणाली, "गप. एवढ्या वर्षांत सासरचं पहिलं बोलावणं हाय." टेम्पोवर जनरेटर ठेवला, स्पीकर बांधले, आणि गावातून वरात निघाली. वाजायला लागलं आणि कुणाला नाचताच येईना! पाय उचलावा तर ठेवायची जागाच सापडत नाही. नवऱ्याचे मित्र एकमेकांवर आदळायला लागले. रामदास टेम्पोला लटकून ओरडला, "वहिनी, नाचायचं काय येत न्हाई का?" ही माइकमधूनच म्हणाली, "येतं की भाऊजी. सात मोजा, आपसूक नाचाल." "आवं, सात सप्तपदीला मोजत्यात, वरातीत कोण मोजतंय!" सगळा गाव हसला. शेवटी यासीननं नुसता ढोलासारखा ठोका धरला तेव्हा कुठं वरात देवळापर्यंत पोचली. परत येताना टेम्पोत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, त्यांनी मला वहिनी म्हटलं. पयल्यांदाच."

दोन अल्बम निघाले. हा शब्दसुद्धा आमच्याकडं घोटाळ्याचा. अल्बम निघाला म्हटल्यावर कॉलनीतल्या बायका बघायला आल्या, कुणाच्या लग्नाचे फोटो म्हणून. हिनं त्यांना चहा दिला, कॅसेट लावली आणि म्हणाली, "डोळे मिटा, दिसतील फोटो." पहिला अल्बम 'वाफ', तिच्या बापावर आणि त्याच्या इंजिनावर. दुसरा 'सायडिंग'. त्यात एक डबा बाजूच्या रुळावर लावून ठेवलेला असतो, कुणी जोडायला येत नाही, आणि त्याच्या चाकांत गवत वाढतं. मला गाण्यातलं कळत नाही, पण तो डबा म्हणजे आमचं घर, एवढं कळलं. मी तिला तसं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. रेकॉर्डिंग शिरूरजवळ यासीनच्या मामाच्या रिकाम्या पोल्ट्रीत व्हायचं. जाळ्यांना पोती लावलेली. मी तिला स्कूटरवर न्हावरे गावावरून न्यायचो आणि बाहेर लिंबाखाली बसायचो. पुण्याला एका कॉलेजात कार्यक्रम झाला तेव्हा ही गोल साडीत, साधी चप्पल घालून स्टेजवर उभी राहिली. खालून एक जण ओरडला, "आंटी, भजन म्हणणार का?" ही म्हणाली, "भजनच हाय बाळा. तू फक्त उभा राहा." पुढं शेवटपर्यंत कुणी हललं नाही, आणि ह्या वेळी मधल्या थांब्यालाही कुणी टाळी वाजवली नाही.

मग आवाज बसायला लागला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. आवाज बसतो तसा उठतो, असं सगळे म्हणाले. उठला नाही. पुण्याच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आत्ता काढलं तर माणूस वाचेल, आवाज मात्र कायमचा जाणार. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. मार्थानं विचारलं, "किती थांबता येईल?" डॉक्टर म्हणाला, "थांबूच नका." ती म्हणाली, "ते कळलं. किती?"

तिसऱ्या अल्बमची पाच गाणी ठरली होती. घरी आल्यावर भांडलो. आयुष्यात तेवढा आवाज मी चढवला नसेल. मी म्हटलं, "मला मुकी बायको चालंल. भाकरी नको करू, उठू नको, बोलू नको. पण मला तू पायजे." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला चालंल हो. मुकं राहायचं मला हाय." तिनं सांगितलं, "पाच पुरी होऊ द्या. मग म्हणाल तिथं झोपते, काय कापायचं ते कापू द्या." मी विल्सनला गाठलं. म्हटलं, तू नाही म्हण, तुझं ऐकंल. त्यानं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

सगळा उन्हाळा ती शिरूरला जात राहिली. मीच नेलं. मी नेलं नसतं तर एसटीनं गेली असती. चार गाणी झाली. पाचव्याच्या वेळी रक्त आलं. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, गाठी पसरल्यात. म्हणजे आवाजही गेला आणि बाईही राहणार नाही, असा तो हिशोब. वाचवायचं होतं ते दोन्ही हातून गेलं. ज्यांना ह्यात काही मोठं दिसतं त्यांनी खुशाल बघावं. मी ते सगळं घरात बघितलंय, मला मोठं काही दिसलं नाही. नळी साफ करायची, कफ काढायचा, भोकावर ओला फडका बांधायचा. बोलायचं असलं की ती माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायची. मी सावकाश वाचणारा. चुकीचं वाचलं की हातावर चापट मारायची. एकदा तिनं 'शिरूर' असं काढलं. मी समजलो शिरा पाहिजे, आणि रवा भाजायला घेतला. तिनं कढई खाली उतरवून माझा हात पुन्हा धरला... त्या दिवशी तिला पोल्ट्रीत सोडलं आणि नेहमीसारखा लिंबाखाली बसलो. आत काय केलं, कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुकं माणूस बँडमध्ये जाऊन काय करणार? मला वाटलं, निरोप घ्यायला आली असेल.

दौंडच्या कबरस्तानात मी विल्सनला शवपेटीला हात लावू दिला नाही. चारचौघांत त्याला मागं सारलं. लोकांना ते आवडलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

मागल्या गुरुवारी विल्सन आणि यासीन घरी आले. बराच वेळ दारातच उभे होते. विल्सन म्हणाला, "काका, अल्बम काढायचाय. मावशीचा आहे, तुमच्याशिवाय निघणार नाही. लाईन क्लिअर द्या."

आता हा शब्द त्यानं कुठं उचलला मला माहीत नाही, मार्थाकडूनच उचलला असणार. पण मी त्या शब्दावर पगार खाल्लाय. एक गाडी पुढं गेली की तिच्या शेवटच्या डब्यावरची खूण आम्ही डोळ्यानं बघायचो. ती खूण दिसली म्हणजे गाडी पुरी आली, एखादा डबा मागं सुटून राहिला नाही. ती बघितल्याशिवाय मागच्या गाडीला लाईन क्लिअर, म्हणजे पुढं यायची परवानगी, द्यायची नाही. कुणी कितीही घाई करो. मी म्हटलं, "किती गाणी हायत?" यासीन म्हणाला, "पाच." मी म्हटलं, "चार झाली व्हती." दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हटलं, "पाचवं लाव."

यासीननं बरोबर आणलेला प्लेअर जोडला आणि सीडी लावली. गिटार, मग ड्रम, तेच लंगडं सात. मग सगळं थांबलं. जिथं तिनं गायचं तिथं कुणीच गात नव्हतं... आणि मग आला तो श्वास. गळ्याच्या भोकातून येणारा, ओला, घासत येणारा. आत, बाहेर. एकदा नाही, बरोबर सातव्या ठोक्याला, परत सातव्या ठोक्याला. माइकपुढं गळा धरून उभी राहिली होती बाई. मी तो आवाज रोज उशाशी ऐकलाय. लोकांना तिचं गाणं माहीत आहे. हा आवाज फक्त माझ्या घरातला होता.

गाणं संपल्यावर विल्सन म्हणाला, "काका, हे नको असलं तर चारच काढू. तुम्ही म्हणाल तसं." मनातून मला तेच पाहिजे होतं. हा आवाज मला ठेवा, बाकीची चार घेऊन जा, असं अगदी तोंडापर्यंत आलं. पण शेवटचा डबा मी आत्ता बघितला होता. म्हटलं, "पाची काढा. चारासाठी मेली न्हाई ती." विल्सन तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. मी त्याला उगी केलं नाही. यासीननं वायरी गुंडाळल्या. जाताना सीडी ठेवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

सध्या दौंडला ऊन म्हणजे नुसता फुफाटा. शेजारची बाई रोज खिडकीतून ओरडते, "मामा, उकडून मराल, पंखा लावा की!" तिला काय सांगायचं? ऑपरेशननंतर पंखा लावला की त्याच्या घरघरीत मार्थाचा श्वास ऐकू यायचा नाही. नळीत कफ अडकला की आवाज बदलायचा, तो ऐकून मला उठावं लागायचं. म्हणून तेव्हापासून पंखा बंद. शेजारणीला म्हणतो, लावतो. उठतो, बटणापर्यंत जातो, जरा वेळ उभा राहून कानोसा घेतो... आणि परत येऊन बसतो.